बोलणारा शेप सॉर्टर: आवाज पूर्ण बंद होत असेल तरच घ्या

शेप सॉर्टर म्हणजे ज्या आकाराचं भोक त्याच आकाराचा ठोकळा आत टाकायचं खेळणं, आणि बोलणारा म्हणजे ठोकळा टाकला की आकाराचं नाव म्हणणारा. आमचा लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला घेतला होता, आता ती दोन वर्षांची होत आलीय, म्हणजे चांगला दणकून वापरून झाल्यावर लिहितेय. ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात की बोलणारा घेऊ की साधा लाकडी घेऊ, म्हणून आधीच सांगून टाकते. ठोकळा उचलायचा, भोक शोधायचं, फिरवून आत टाकायचा, हा खेळ एक नंबर आहे, त्याला तोड नाही. त्यात जे इलेक्ट्रॉनिक आहे तेच कमजोर आहे. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण मला एका कंपनीबद्दल नाही तर या सगळ्या प्रकाराबद्दल बोलायचंय.

तर आमच्याकडचा आहे बादलीच्या आकाराचा, वर हँडल, झाकणाला पाच भोकं: गोल, चौकोन, त्रिकोण, चांदणी आणि बदाम. प्रत्येकाचे दोन-दोन ठोकळे. बाजूला एक छोटं दार, ते उघडून ठोकळे बाहेर काढायचे. भोकांच्या कडेला लाइट लागतात, आत गाणी आहेत, सगळं इंग्रजीत. तीन पेन्सिल सेल लागतात. किंमत पंधराशेच्या आसपास पडली. प्लास्टिक जाड आहे, पलंगावरून कितीदा पडला तरी तडा नाही, कडा गुळगुळीत आहेत, रंग अजून जसाच्या तसा आहे. या बाबतीत पैसे वसूल, तक्रार नाही.

आता तो ओळखतो कसा ते सांगते कारण खरी गोम तिथेच आहे. प्रत्येक भोकाखाली एक छोटी पट्टी आहे, ठोकळा आत पडताना ती खाली दाबली जाते, आतलं बटण क्लिक होतं आणि त्या भोकाचं नाव ऐकू येतं. म्हणजे ठोकळा कोणता आहे हे त्याला कळतच नाही, अमुक भोकातून काहीतरी गेलं एवढंच कळतं. आमच्यात त्रिकोणाचा ठोकळा जरा तिरका धरला की गोल भोकातून आरामात आत जातो आणि आतून आवाज येतो "सर्कल!", वर टाळ्या पण वाजतात. मूल चुकलंय आणि खेळणं त्याला शाब्बास म्हणतंय, शिकायच्या खेळण्यात हे अजिबात चालण्यासारखं नाही. घेण्याआधी दुकानातच प्रत्येक ठोकळा दुसऱ्या चारही भोकांत घालून बघा, दुकानदार कटकट करेल, करू दे, एक जरी चुकीच्या भोकातून गेला तर तो पीस घेऊ नका.

दुसरी गोष्ट म्हणजे बोटानेसुद्धा ती पट्टी दाबली जाते. आणि मुलांना हे कळायला कितीसा वेळ लागतो! आमची लेक मांडी घालून बसायची, डाव्या हातात निळा चौकोन तसाच धरलेला, आणि उजव्या हाताची तर्जनी भोकात घालून टक टक टक टक, स्क्वेअर स्क्वेअर स्क्वेअर, गाणं सुरू झालं की मान हलवायची, संपलं की परत बोट. ठोकळ्याकडे बघायचीही नाही. तिचं काही चुकत नव्हतं, जे केल्यावर गाणं मिळतं तेच ती करणार ना. पण त्यात ठोकळा आणि भोक यांचा संबंधच उरला नाही, ते एक गाण्याचं बटण झालं.

मग मी खालचा स्विच बंद केला. पहिल्यांदा तिने रागाने दोन-चारदा आपटला, आजीकडे घेऊन गेली, "गाणं, गाणं" झालं. नंतर हळूहळू ठोकळ्यांकडे वळली. आणि त्यानंतरचा खेळ बघण्यासारखा होता. चांदणी भोकावर ठेवायची, जात नाही, दाबायची, जात नाही, उचलून तिच्याकडे बघायची, भोकाकडे बघायची, मनगट एवढंसं फिरवायचं आणि टप्पकन आत. आतल्या ठोकळ्यांवर आपटल्याचा आवाज आला की वाकून भोकातून आत बघायची, गेला कुठे म्हणून. ही सगळी मजा आधी त्या टाळ्यांच्या आवाजात गायब झाली होती.

आणि घरातल्या मोठ्यांमध्येसुद्धा फरक पडला, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आवाज चालू असताना आम्ही सगळे गप्प, कारण तो बोलतोय ना, आपण कशाला बोला. बंद केल्यावर सासूबाई शेजारी बसून सुरू, "अगं तिरकं झालंय गं राणी, सरळ धर, कोपरा अडकतोय बघ, थोडं फिरव, अजून थोडं, हां, आता ढकल खाली, गेलं की नाही आत!" यात वर, खाली, आत, तिरकं, कोपरा, फिरव असे किती शब्द आले बघा, आणि ते नेमके त्या क्षणी आले जेव्हा तिच्या हाताला ते कळत होतं. बादली बिचारी एकच शब्द म्हणते, तोही ठोकळा पडून गेल्यावर.

हे फक्त आमच्या घरात झालं असंही नाही. २०१५ मध्ये जेनिफर झॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत नेमकं हेच तपासलं होतं, दोन वर्षांची मुलं, सोबत त्यांचे पालक, काहींना साधा शेप सॉर्टर दिला आणि काहींना बोलणारा. साधा असला की पालक जागा-दिशा-आकाराबद्दल जास्त बोलत होते. मग २०१६ मध्ये अ‍ॅना सोसा यांचा अभ्यास आला, १० ते १६ महिन्यांची बाळं आणि पालक अशा २६ जोड्या, तिथेही लाइट-आवाजाच्या खेळण्यांशी खेळताना पालक साध्या खेळण्यांपेक्षा आणि पुस्तकांपेक्षा कमी बोलले. छोटे अभ्यास आहेत, मान्य, पण ज्याच्या घरात असं खेळणं आहे त्याला हे वाचून लगेच पटेल.

आकारांबद्दल थोडं सांगते, कारण सगळी भोकं सारखी अवघड नसतात आणि खोक्यावर हे कोणी लिहीत नाही. गोल कसाही धरा, जातोच. चौकोन चार बाजूंनी बसतो, त्रिकोण तीन. चांदणी पाच प्रकारे बसते पण टोकं इतकी असतात की जरासं इकडेतिकडे झालं की अडकलीच. बदाम एकाच बाजूने बसतो, टोक जिकडे हवं तिकडेच हवं. म्हणून सुरुवातीला फक्त गोलाचे दोन ठोकळे द्या, बाकीचे कपाटात. ते जमलं की चौकोन. दहाही ठोकळे एकदम समोर ओतले की मूल गोंधळतं आणि सरळ झाकण काढून सगळे आत टाकून मोकळं होतं (आणि खरं सांगायचं तर तेही डोकं चालवणंच झालं, ओरडू नका).

खोक्यावर ६ महिने प्लस लिहिलेलं असतं त्याकडे फार लक्ष देऊ नका. सहा-आठ महिन्यांचं बाळ ठोकळे चावणार, आपटणार, बादली उपडी करणार, बस. वर्षाच्या आसपास वस्तू डब्यात टाकणं-काढणं सुरू होतं, गोल साधारण सव्वा-दीड वर्षाच्या पुढे जमायला लागतो, दोनच्या आसपास दोन-तीन आकार. चांदणी-बदाम त्याच्याही पुढे. शेजारच्यांच्या मुलाला जमतं आणि आपल्याला नाही म्हणून कोणी टेन्शन घेऊ नये.

आता सेफ्टी, इथे मात्र प्लीज काटेकोर राहा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय मार्क कंपल्सरी आहे, सेलवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी स्टँडर्ड आहे आयएस १५६४४. खोक्यावर मार्कच्या जवळ सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये (हा मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेचं अ‍ॅप) टाकला की खरा-खोटा कळतो, मी दुकानात उभ्या उभ्या बघितला होता. ट्रेनमध्ये, जत्रेत, सिग्नलवर मिळणारी लाइटवाली खेळणी मी लेकीच्या हातात देत नाही, कितीही स्वस्त असली तरी.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सेल कुठले आहेत ते बघा. स्वस्तातल्या बऱ्याच खेळण्यांत ते चपटे बटण सेल असतात. मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते, हे प्रत्येक घरात माहीत असायलाच पाहिजे. तसा नुसता संशय जरी आला तरी घरी थांबून बघत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. पेन्सिल सेलवाला घ्या आणि सेलच्या झाकणाला स्क्रू हवाच, नुसतं नखाने उघडणारं झाकण असेल तर परत ठेवून द्या. ठोकळ्यांचा आकारही बघा, टॉयलेट पेपरच्या आत पुठ्ठ्याची नळी असते ना, त्यातून जे आरपार जातं ते तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायचं नाही. आमचे ठोकळे मोठे आहेत, त्या नळीतून जात नाहीत.

आवाजाला दोनच लेव्हल आहेत, मोठा आणि जास्त मोठा. स्पीकर तळाला आहे आणि मुलं बादली उपडी करून कान लावतात, तेव्हा तर मला बघवत नाही. शिवाय थोडा वेळ कोणी हात लावला नाही की स्वतःहून बोलावतो, चल खेळू म्हणून, म्हणजे मूल दुसरीकडे पुस्तकात रमलंय आणि हा मागून हाक मारतोय. रात्री खेळण्यांच्या टोपलीला धक्का लागला तरी सुरू होतो. झोपवण्याआधी स्विच बंद आहे ना ते बघायची मला सवयच लागलीय.

साफसफाई: ठोकळे साबणाच्या पाण्यात धुवायचे, नीट पुसून वाळवायचे. बादली मात्र धुता येत नाही, ओल्या फडक्याने पुसायची, त्या पट्ट्यांच्या खाली बिस्किटाचा चुरा जाऊन बसतो तो जुन्या टूथब्रशने निघतो. आमची बदामाची पट्टी त्या चुऱ्यामुळेच अडकून बसली होती आणि हार्ट-हार्ट असा घोष सुरू होता. विकणाऱ्याला मेसेज केले, काही उत्तर आलं नाही. नवऱ्याने स्क्रू काढून साफ केली तेव्हा गप्प झाला. सुटे ठोकळे वेगळे मिळत नाहीत, त्यामुळे सोफ्याखाली बघत राहा.

याच पैशात दुसरं काय येतं? कर्नाटकातल्या चन्नपट्टणाच्या लाखेच्या रंगातल्या लाकडी खेळण्यांमध्ये बघा, हातात धरायलाच किती छान वाटतात. माझ्या नणंदेकडे टप्परवेअरचा तो लाल-निळा बॉल आहे, दहा पिवळ्या आकारांचा, तिच्या दोन्ही मुलांनी वापरला, आता आमच्याकडे आलाय, ना सेल ना स्क्रू, आणि लेक तो जास्त मागते. अगदीच घरी करायचं तर मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला वाटीएवढं गोल भोक पाडा आणि मोज्यांचे गोळे करून द्या, वर्षाचं मूल अर्धा तास हलत नाही.

आवाज बंद ठेवून वापरला तर माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, चालू ठेवून दोन.

आणि कोणाच्या बाळाला गिफ्ट देणार असाल तर खोका फोडायला लावून स्विच पूर्ण बंद होतो का आणि बंद असताना दार उघडतं का हे बघून घ्या, काहींचं दारही बटणावर चालतं. बिल सोबत द्या, आणि खोक्यात आलेले सेल दुकानातल्या डेमोसाठी असतात, लगेच संपतात, तेव्हा तीन नवे सेलही द्या.