फेच_ॲरे की फेच_असॉक? पीएचपीत क्वेरीचा निकाल ॲरेत घेताना

पीएचपीच्या जुन्या क्लासनोट्समध्ये एक व्हाइल लूप हमखास असतो: क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालवा, फेच_ॲरे या फंक्शनने निकालातली एक ओळ ॲरेत घ्या, ओळी संपेपर्यंत छापत राहा. लूप चालतो, म्हणून त्याकडे कोणी परत बघत नाही. पीएचपीला मायएसक्यूएल डेटाबेसशी जोडणारं जुनं मायएसक्यूएल एक्स्टेन्शन डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून कायमचं गेलं. तेव्हा बऱ्याच जणांनी फंक्शनच्या नावात एक ‘आय’ घातला, म्हणजे नवं मायएसक्यूएलआय एक्स्टेन्शन घेतलं, आणि फेच_ॲरेची सवय तशीच पुढे चालू ठेवली.

उदाहरणाला एक वाचनालय घेऊ. सभासद टेबलात तीन कॉलम: आयडी, नाव, शाखा_आयडी. शाखा टेबलात दोन: आयडी आणि नाव.

सभासदाची एक ओळ फेच_रोने घेतली तर ०, १, २ अशा क्रमांकांखाली तीन किमती मिळतात. फेच_असॉकने घेतली तर त्याच किमती कॉलमच्या नावांखाली येतात. फेच_ॲरे काहीच न सांगता वापरलं तर दोन्ही मिळतं, म्हणजे तीन कॉलमांच्या ओळीत सहा नोंदी. त्यामुळे ते फार हळू चालतं असं म्हणतात, त्यात दम नाही. वेळ खाते ती क्वेरी. खरी अडचण पुढे येते. ओळीवर फोरईच फिरवून तक्ता काढला की प्रत्येक खाना दोनदा छापला जातो, आणि तीच ओळ जेसन (डेटा पाठवण्याचं मजकुरी रूप) करून मोबाइल ॲपला पाठवली की दुप्पट ओझं जातं.

फेच_रो कमी लागतं. क्वेरीत सिलेक्ट स्टार (म्हणजे सगळे कॉलम द्या) लिहिलेलं असेल आणि उद्या कोणी टेबलाच्या मधोमध ‘मोबाइल’ कॉलम घातला, तर कालचा क्रमांक २ आज वेगळंच काहीतरी दाखवेल. एकच आकडा मोजून आणायचा असेल किंवा सीएसव्ही फाइल काढायची असेल, तर मात्र ते सुटसुटीत.

मग फेच_असॉक निवडायचं आणि मोकळं व्हायचं? जॉइन (दोन टेबलांच्या ओळी जोडणारी क्वेरी) येईपर्यंत, हो.

मी एकदा अशाच दोन टेबलांचा जॉइन सिलेक्ट स्टारने केला आणि यादीत प्रत्येक सभासदाच्या जागी शाखेचं नाव आलं. कारण साधं आहे: एकाच नावाचे दोन कॉलम आले की असॉक ॲरेत शेवटचा राहतो, आधीचा पुसला जातो. एरर नाही, वॉर्निंगही नाही. मी नावाला एलियस (क्वेरीत कॉलमला दिलेलं दुसरं नाव) दिला, यादी बरोबर दिसू लागली, मी खूश. आयडीचंही तेच झालं होतं हे लक्षात यायला दोन दिवस गेले. ‘दुरुस्त करा’ या लिंकमध्ये सभासदाचा नव्हे, शाखेचा आयडी जात होता आणि भलत्याच माणसाचा फॉर्म उघडत होता. नाव चुकलं तर डोळ्यांना दिसतं, आयडी चुकला तर दिसत नाही. तेव्हापासून जॉइनमध्ये स्टार लिहीत नाही. प्रत्येक कॉलम नावाने मागतो आणि जिथे नाव जुळतं तिथे सभासद_आयडी, शाखा_नाव असे एलियस देतो.

गंमत म्हणजे याच जॉइनवर फेच_ॲरे लावलं तर दहा नव्हे, आठ नोंदी मिळतात: क्रमांकांच्या पाच आणि नावांच्या तीन. ‘दुप्पट’ हा हिशेबही पक्का नाही.

सगळ्या ओळी एकदम हव्या असतील तर फेच_ऑल आहे, पण मायएसक्यूएलआयमध्ये त्याचा स्वभाव उलटा. फेच_ॲरे न सांगता दोन्ही देतं, फेच_ऑल न सांगता फक्त क्रमांक देतं. नावं हवी असतील तर मायएसक्यूएलआय_असॉक हा पर्याय स्पष्ट लिहावा लागतो. पानावर पन्नास ओळी दाखवायच्या असतील तर खुशाल वापरा. लाखभर ओळींचं एक्सपोर्ट असेल तर नको. साधी क्वेरी पूर्ण निकाल आधीच मेमरीत आणून ठेवते, त्यावर फेच_ऑल ॲरेंचा आणखी एक ढीग रचतं. तिथे यूज_रिझल्ट (पूर्ण निकाल आधी मेमरीत न आणणारा प्रकार) घेऊन एकेक ओळ वाचा. मात्र सगळ्या ओळी वाचून होईपर्यंत त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालवता येत नाही.

नवीन काम असेल तर माझं मत पीडीओला, म्हणजे पीएचपीतून डेटाबेसशी बोलण्याच्या दुसऱ्या मार्गाला. तोही मुळात क्रमांक आणि नावं अशा दोन्ही प्रकारच्या कीज देतो, पण कनेक्शन उघडताना डिफॉल्ट फेच मोड असॉक ठरवला की विषय संपतो. मला तो आवडतो फेचऑलच्या मोडसाठी. शाखांचा ड्रॉपडाउन करायचा आहे? दोनच कॉलम मागा, की_पेअर मोड लावा, आयडीसमोर नाव असा ॲरे तयार. शाखेनुसार सभासद हवेत? शाखेचा कॉलम पहिला ठेवून ग्रुप मोड लावा. मायएसक्यूएलआयमध्ये यासाठी लूप हाताने लिहावा लागतो.

मायएसक्यूएलआयवरून पीडीओकडे येताना एक खड्डा सांभाळा. ओळी संपल्या की मायएसक्यूएलआय नल देतं, पीडीओ फॉल्स. ‘नल नाही तोवर फिरत राहा’ असा काटेकोर तुलनेचा (!== null) जुना लूप जसाच्या तसा उचलला तर तो कधी थांबणारच नाही. शिवाय पीएचपी ८.१ पासून पीडीओ मायएसक्यूएलचे पूर्णांक पूर्णांक म्हणूनच देतो. आधी साध्या सेटिंगमध्ये ते स्ट्रिंग म्हणून येत, त्यामुळे तिहेरी बरोबरच्या (===, म्हणजे किमतीसोबत प्रकारही जुळवणाऱ्या) तुलना तपासून घ्या.

चालू प्रोजेक्ट मायएसक्यूएलआयवर नीट उभा असेल तर केवळ ॲरेसाठी तो हलवू नका. फेच_ॲरेच्या जागी फेच_असॉक घाला, एवढंच पुरे. त्याआधी ओळीतली किंमत क्रमांकाने कुठे उचलली आहे ते सगळ्या फाइलींत शोधा. लिस्ट वापरून ओळीतल्या किमती वेगवेगळ्या व्हेरिएबल्समध्ये फोडलेल्या असतील तर तीही जागा बघा. तिथे क्रमांक लिहिलेला दिसत नाही, पण काम क्रमांकांवरच चालतं.