गाण्यांची कुळकथा सांगणारा सहा सीडींचा संच

ब्लूग्रास हे बँजो आणि फिडलच्या साथीने रंगणारे अमेरिकी संगीत ऐकता ऐकता त्या गाण्यांचे मूळ शोधावेसे वाटू लागले, तेव्हा ‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक’ हा संच हाती आला आणि आजही तो पुन्हा पुन्हा ऐकावासा वाटतो. हॅरी स्मिथ यांनी स्वतः जमवलेल्या ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांतून ८४ ध्वनिमुद्रणे निवडली, ती फोकवेज रेकॉर्ड्सने १९५२ मध्ये प्रसिद्ध केली, आणि १९९७ मध्ये स्मिथसोनियन फोकवेजने तोच संग्रह मूळ पुस्तिकेच्या प्रतिकृतीसह सहा सीडींवर पुन्हा आणला. बहुतेक मुद्रणे १९२७ ते १९३२ या काळातली, म्हणजे बिल मन्रो यांनी ब्लूग्रासला आकार देण्याच्या आधीची आहेत.

या संचाचे खरे मोल त्याच्या मांडणीत आहे. पहिला भाग बॅलडांचा, म्हणजे कथागीतांचा. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडच्या ३०५ बॅलडांना क्रमांक देऊन ठेवले होते. स्मिथ त्याच क्रमाने सुरुवात करतात आणि मग अमेरिकेच्या भूमीवर घडलेल्या घटनांकडे वळतात. क्लॅरेन्स ॲशली यांचे १९३० चे ‘द हाउस कार्पेंटर’ हे चाइल्ड यांच्या यादीतले २४३ वे गीत. सुताराची बायको तान्ह्या मुलाला मागे ठेवून जुन्या प्रियकराबरोबर जहाजावर चढते आणि जहाज बुडते. ब्रिटनमधल्या जुन्या पाठांत हा प्रियकर माणूस नसून पिशाच्च असतो. अमेरिकेत येईपर्यंत ते पिशाच्च बहुतेक ठिकाणी गळून पडले आणि उरली ती फक्त पश्चात्तापाने रडणारी आई. ॲशली हे सगळे बँजोवर अगदी निर्विकारपणे सांगतात, आणि म्हणूनच ते अधिक झोंबते.

ब्लूग्रासच्या श्रोत्याने चार्ली पूल यांचे १९२६ चे ‘व्हाइट हाउस ब्लूज’ मात्र चुकवू नये. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर १९०१ मध्ये बफेलो येथे गोळ्या झाडण्यात आल्या, त्या हत्येवरचे हे गाणे. मारेकऱ्याच्या हातातले पिस्तूल आयव्हर जॉन्सन बनावटीचे होते आणि गाण्यात त्या कंपनीचे नाव जसेच्या तसे आले आहे. वर्तमानपत्रातली बातमी लोकांच्या ओठांवर कशी जाते, याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही. हेच गाणे मन्रो यांनी १९५४ मध्ये कितीतरी वाढवलेल्या लयीत मुद्रित केले. दोन्ही पाठोपाठ ऐकल्यास ब्लूग्रासने जुन्या गाण्यात काय बदलले आणि काय हातही न लावता ठेवले, ते कानांनाच कळते.

स्मिथ यांनी प्रत्येक कथागीताचा सार वृत्तपत्राच्या मथळ्यासारखा एका-दोन ओळींत दिला आहे आणि सोबत मूळ तबकडीचा तपशील व संदर्भ नोंदवले आहेत. गायक गोरा की काळा, हे मात्र त्यांनी जाणूनबुजून कोठेही लिहिले नाही. परिणामी मिसिसिपी जॉन हर्ट यांचे ‘फ्रँकी’ ऐकून अनेकांना ते डोंगराळ भागातले गोरे गायक वाटले. १९२८ मध्ये हे गाणे मुद्रित करणारे हर्ट पुढे विस्मृतीत गेले होते. १९६३ मध्ये मिसिसिपीतल्या ॲव्हलॉन गावी ते सापडले, तेही त्यांच्याच एका गाण्यात आलेल्या गावाच्या नावावरून. गोऱ्यांचे आणि काळ्यांचे संगीत वेगवेगळ्या याद्यांत विकले जात असे, त्या काळातल्या तबकड्या अशा शेजारी-शेजारी ठेवणे मला या संचातले सर्वांत धाडसाचे काम वाटते.

दुसऱ्या भागात नाचाचे फिडल (व्हायोलिन) आणि चर्चमधले गायन आहे. तो भाग मला सलग ऐकवत नाही, थोडा थोडा ऐकावा लागतो. उणीव सांगायची तर एकच, पण ती मोठी आहे: स्मिथ यांच्या पुस्तिकेत गाण्यांचे पूर्ण शब्द नाहीत. तबकडीच्या खरखरीतून ॲपलाचियन, म्हणजे पूर्व अमेरिकेतल्या डोंगराळ भागातले उच्चार उलगडणे आपल्या कानाला जड जाते, आणि ‘हेन्री ली’सारख्या पहिल्याच गाण्यात कोण कोणाला भोसकते आहे, हे मला तिसऱ्यांदा ऐकल्यावर समजले.

केवळ ऑनलाइन ऐकणाऱ्यांनीही पुस्तिका वगळू नये. ती स्मिथसोनियन फोकवेजच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मिळते. ती उघडून, पहिल्या भागातली गाणी क्रम न मोडता आणि दिवसाला चार-पाचच ऐकावीत.