वडिलांच्या पदकांची राहिलेली नोंद: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या सेवेविषयी

माझे वडील १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर लढले, तरीही त्यांच्या डिस्चार्ज बुकात (सैन्यातून निवृत्त होताना मिळणाऱ्या सेवानोंदीच्या पुस्तकात) ना ‘पूर्वी स्टार’ या पूर्व आघाडीवरील सेवेसाठीच्या पदकाची नोंद होती, ना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्यांना देण्यात आलेल्या स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्धापनदिनाच्या पदकाची. आमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील लिपिकांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले की दुरुस्तीचा अधिकार त्यांच्याकडे नसून सैनिकांच्या सेवानोंदी जपणाऱ्या, रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे असतो. त्यांनी डिस्चार्ज बुकाचे पान न् पान तपासले, पुसट झालेला आर्मी नंबर वडिलांकडून पडताळून घेतला आणि युनिट व तेथील कालावधी अर्जात नेमकेपणाने लिहून घेतला, कारण जुन्या नोंदींचा शोध याच तपशिलांवर चालतो. हा आदर वडिलांना पदकाइतकाच मोलाचा वाटला.

अभिलेख कार्यालयाचा अनुभव मात्र क्लेशदायक होता: पाठवलेलीच कागदपत्रे पुन्हा मागवण्यात आली आणि उत्तरासाठी वृद्ध सैनिकाला ताटकळत ठेवले गेले, हे मला अक्षम्य वाटते. पूर्वी स्टारची नोंद आता झाली आहे. दुसऱ्या पदकाचा पाठपुरावा सुरू आहे. अर्ज स्पीड पोस्टानेच पाठवावा आणि मूळ डिस्चार्ज बुक कोणाच्याही हाती सोपवू नये.