पेठेतल्या वाड्यातल्या दोन खोल्या आणि माझे १०,४४,५०० रुपये

घर घेताना माझी फसवणूक झाली. त्यात गेलेला आकडा आधी सांगतो, कारण घरी सुद्धा मी दोन महिने खोटाच सांगत होतो. १०,४४,५०० रुपये. टोकन ५१,००० यूपीआयने, नोटरीच्या दिवशी ६,५०,००० आरटीजीएस, "भाडेकरूला उठवायला" म्हणून ३,००,००० रोख, विकणाऱ्यांनीच आणलेल्या वकिलाचे २५,००० आणि स्टॅम्प, नोटरी, झेरॉक्स वगैरे धरून १८,५००. रोखीची पावती नाही. रोख देऊ नये हे मलाही माहीत होतं, पण तेव्हा समोरचा माणूस म्हणत होता की आज दिले नाहीत तर भाडेकरू आजी उठायच्या नाहीत आणि व्यवहार फिसकटेल.

वाडा पुण्यात, शनिवारवाड्यापासून चालत दोन-तीन मिनिटांवर. नाव आणि घर नंबर देत नाही, वकिलांनी मना केलंय. माडीवरच्या दोन खोल्या आणि सज्जा, ठरलेली किंमत ३८ लाख. माझं आजोळ पेठेतलंच, ते कधीच पाडलं गेलं, आणि आईला शेवटची वर्षं त्याच गल्लीबोळात काढायची होती. म्हणून मी घाई केली. हाव नव्हती, हे मला ठासून सांगायचंय, कारण ज्याला कळतं तो पहिल्यांदा हेच म्हणतो की स्वस्तात मिळतंय म्हणून गेला असशील. स्वस्त नव्हतंच ते.

विकणारे गृहस्थ सत्तरीचे, मी त्यांना काका म्हणायचो. चौकात बसवून चहा द्यायचे, पानशेतचं पाणी १९६१ ला कुठपर्यंत आलं होतं ती भिंतीवरची रेघ दाखवायचे, आईशी तासभर बोलायचे. आई तर घरी येऊन म्हणाली की असा माणूस खोटं बोलणार नाही. आता ती त्याबद्दल एक अक्षर काढत नाही.

आता जिथे माझं चुकलं ते. साठेखताच्या, म्हणजे विक्रीच्या कराराच्या, आठ दिवस आधी आम्ही खोल्या बघायला माडीवर गेलो. तिथे राहणाऱ्या भाडेकरू आजी जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तुम्ही पण विसार दिलात का?" काका लगेच हसले, म्हणाले आजींना हल्ली विसर पडतो, काही मनावर घेऊ नका. आणि मी नाही घेतलं. तो "पण" मी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. त्या बाईंचं बोलणं स्पष्ट होतं, नजर स्पष्ट होती, त्यांनी मला नाव-गाव विचारलं, आई कुठे आहे विचारलं, ज्याला विसर पडतो तो माणूस असं बोलतो का? मी खाली उतरून परत एकटा वर गेलो असतो, पाच मिनिटं बसलो असतो, तर ६,५०,००० आणि ३,००,००० दोन्ही वाचले असते. रोज रात्री तो जिना डोळ्यासमोर येतो. कोणतंही घर घेताना आत राहणाऱ्या माणसाशी मालक समोर नसताना बोला, बाकी सगळं नंतर.

कागद मी वाचले नव्हते असं नाही. मी सोळा वर्षं अकाउंट्समध्ये आहे, साठेखत तीनदा वाचलं. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीवर, अजून त्यांच्या आजोबांचं नाव होतं, त्यावर उत्तर तयार होतं की वारस नोंदीचं काम चालू आहे आणि भावंडांनी त्यांच्या वतीने विकायचं कुलमुखत्यारपत्र दिलंय. त्याची झेरॉक्स मला दाखवली, मूळ कागद "बँकेच्या लॉकरमध्ये". खरं असं निघालं की सही करणारा एक भाऊ आधीच वारलेला, म्हणजे त्याच्यापुरतं ते मुखत्यारपत्र संपलेलं, आणि एका बहिणीची सहीच नाही. वाटपाचा दावा कोर्टात चालूच होता. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर नुसतं पक्षकाराचं नाव टाकलं असतं तरी दिसला असता. बहिणींना सोडून कोणी वडिलोपार्जित वाडा विकत असेल तर तिथूनच मागे फिरा.

आणि त्याच दोन खोल्यांचं साठेखत माझ्याआधी दोघांशी झालेलं. तेही नोटरीचंच, नोंदणी नाही, त्यामुळे इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्तांचा उतारा) काढलं असतं तरी ते सापडले नसते. पेपरात जाहीर नोटीस दिली असती तर ते दोघं धावत आले असते. ती नोटीस द्यायला काकांनी विरोध केला, म्हणाले चार लोकांत आमच्या घराण्याची अब्रू जाते, आणि मला तेव्हा ते पटलं!! नोटरीच्या शिक्क्याने घर नावावर होत नाही. आजी तर कायदेशीर भाडेकरू आहेत, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्यांना संरक्षण आहे, त्यांना कोणी एक रुपया दिलेला नाही, माझे तीन लाख त्यांच्या कानावर सुद्धा नव्हते.

पुनर्विकासाचं गाजर होतंच. "बिल्डर फिरतायत, ६०० फुटांचा फ्लॅट मिळेल." शनिवारवाडा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, त्या भागात राहणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ आहे. काका म्हणाले नियम उठतोय. मी पैसे गेल्यावर नकाशावर अंतर मोजलं, वाडा १०० च्या आत.

पोलिसांबद्दल काय लिहू. पहिल्या दिवशी चार तास बसवलं आणि "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा". दुसऱ्यांदा साहेब बंदोबस्तात. तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत, मी उठलोच नाही तेव्हा शिक्का मारला. एकच घर तीन जणांना विकायला काढलं, त्यात मेलेल्या माणसाचं मुखत्यारपत्र वापरलं, हे दिवाणी कसं होतं? दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो हे सुप्रीम कोर्टाने २०१३ ला ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय, ते मी छापून नेलं, तर म्हणे आर्थिक व्यवहारात प्राथमिक चौकशी करता येते. मग करा ना चौकशी! कोणाचाही जबाब नाही, काकांना एक फोन नाही. आर्थिक गुन्हे शाखेत गेलो तर रक्कम त्यांच्या मर्यादेत बसत नाही. म्हणजे माझी सोळा वर्षांची बचत एकाला लहान पडते आणि दुसऱ्याला तो गुन्हाच वाटत नाही. दुय्यम निबंधकाकडे गेलो, ते म्हणाले दस्त आमच्याकडे नोंदलेलाच नाही, आमचा संबंध नाही. हे एकटेच खरं बोलले. ज्या वकिलाने २५,००० घेतले तो आता म्हणतो मी फक्त मसुदा केला, टायटल, म्हणजे मालकी, तपासायला तुम्ही सांगितलं नव्हतं. वकील स्वतःचा न्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा अजिबात नको.

माझ्या नव्या वकिलांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७५(३) खाली, पोलिसांना तपासाचा आदेश द्या म्हणून, मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केलाय. मागच्या तारखेला समोरून कोणीच आलं नाही.

परवा आजींना भेटायला गेलो, एकटाच. त्यांनी वहीत तारखा लिहून ठेवल्यात, कोण कधी खोल्या बघायला आलं त्या. माझ्याआधीची दोघं त्यात आहेत, माझ्यानंतरची एक बाई सुद्धा आहे, मुलाला घेऊन आली होती. तिचा नंबर आजींकडे नाही. ती हे वाचत असेल तर दुसरा हप्ता देऊ नका, आधी माडीवर जाऊन आजींना भेटा.