गच्चीवरचे एअरलूम टोमॅटो: सोलापुरात एक हंगाम काढल्यावर

सोलापुरात एअरलूम टोमॅटो, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बी धरून जपलेल्या जुन्या, संकरित नसलेल्या जाती, बियांपासून नक्की येतात, फक्त वेळ पाळावी लागते. पाकिटावर ‘वर्षभर लावा’ असं छापलेलं असतं, ते आपल्या गावासाठी नाही. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या किंवा रात्रीचं २४ च्या वर टिकून राहिलं की टोमॅटोची फुलं फळ न धरताच गळतात. आपल्याकडे मार्च लागला की हेच सुरू होतं. म्हणून बी गणपतीच्या आसपास टाकायचं, म्हणजे जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास तोडणी हाती येते.

मी चेरोकी पर्पल, ब्रँडीवाइन आणि यलो पेअर लावले. कोकोपीट आणि गांडूळखतात उगवण छान झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. तक्रार एकच. यलो पेअरच्या पाकिटातल्या काही रोपांना चक्क लाल गोल फळं लागली. ऑनलाइन विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तर नाही.

खरी परीक्षा पाण्याची. नळाला काही दिवसांआड पाणी, मधल्या काळात बोअरचं, आणि बोअरच्या पाण्याने कुंडीतल्या मातीवर पांढरा थर चढतो. पाणी कधी भरपूर, कधी कमी असं झालं की फळाचं बूड काळं पडतं. लोक अंड्याची टरफलं टाकायला सांगतात. पण मातीत कॅल्शियम असलं तरी ते फळापर्यंत पोचवायला पाणी नियमित लागतं, आणि टरफलं कुजायलाच महिनोन्‌महिने जातात. मला उपयोग झाला तो उसाच्या पाचटाचा. झाडाच्या ग्रो-बॅगेत मातीवर चार बोटं जाडीचा थर दिला, रोज सकाळी ठरलेलं पाणी, आणि पुढच्या घोसांची बुडं स्वच्छ निघाली. पाचट आपल्या जिल्ह्यात मागितलं की मिळतं. झाडं बांधायला टॉवेल कारखान्यातली कातरण घेतली; सुतळीसारखी खोडाला काचत नाही.

पांढरी माशी मात्र येणारच. तिच्यामुळे बोकड्या रोग येतो, पानं वर वळून आखडतात. एअरलूम जातींमध्ये नव्या संकरित वाणांसारखी रोगाला तोंड देण्याची ताकद नसते. पिवळे चिकट सापळे लावा, निंबोळी अर्क फवारा, आणि आखडलेलं झाड मोह न धरता उपटा.

आता चव. चेरोकी पर्पल पिकल्यावरही देठाजवळ हिरवटच राहतो, त्यामुळे रंगावर जाऊ नका, बोटाने हलकं दाबून बघा. कापला की आत गडद विटकरी गर, बियांभोवती हिरवट रस. जाड चकती, वर मीठ, सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. माझ्या मते याला तोड नाही. आमच्या आईंना मात्र तो ‘नासका दिसतो’, त्या हात लावत नाहीत. सार-आमटीला बाजारातला आंबट टोमॅटोच बरा. यलो पेअर घोसाने लागतो, पण चव फिकी. मुलं येता-जाता खातात, तेवढंच.

या जातींचा मोठा फायदा बियांचा. संकरित फळाचं बी धरलं तर पुढच्या पिढीत काय येईल त्याचा नेम नाही, यांचं बहुतेक तसंच येतं. फुलं उमलण्याआधी घोसाला मलमलची पिशवी बांधली की परागांची सरमिसळही टळते. पिकलेल्या फळाचा गर बियांसकट ग्लासात थोड्या पाण्यात ठेवायचा. आपल्या उकाड्यात दोन दिवसांत वर साय धरते, वासही येतो. लगेच धुवायचं, जास्त ठेवलं तर बी ग्लासातच मोड धरतं. ताटलीत, सावलीत वाळवा. कागदावर चिकटून बसतं.

ब्रँडीवाइनने सगळ्यांत जास्त जागा खाल्ली आणि सगळ्यांत कमी फळं दिली. जी दिली ती तडकलेली. यंदा त्या बॅगांत मिरच्या लावतोय.