करवंदाच्या अर्कासाठी डीपीपीएच की एबीटीएस?

मे महिन्यात ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात करवंदं आणि तोरणं दिसायला लागली की एम.एस्सी.च्या प्रोजेक्टवाल्यांचे प्रश्न सुरू होतात. फळ ठरलेलं असतं, अर्क कसा काढायचा हेही माहीत असतं. अडतं ते अँटिऑक्सिडंट क्षमता कुठल्या पद्धतीने मोजायची इथे. डीपीपीएच आणि एबीटीएस या त्यातल्या दोन नेहमीच्या पद्धती: दोन्हींत एक रंगीत रॅडिकल, म्हणजे सुटा इलेक्ट्रॉन असलेला रेणू, घेतात आणि अर्काने त्याचा रंग किती उतरवला ते मोजतात. गाइड बहुतेक वेळा डीपीपीएच सांगतात, कारण सीनियरच्या प्रबंधात तेच असतं. मी दोन्ही पद्धती करवंदावर वापरल्या आहेत आणि हल्ली एबीटीएसकडेच वळतो. का, ते सांगतो. तुमचं फळ आणि तुमची लॅब वेगळी असेल तर निर्णयही वेगळा असू शकतो.

सोयीच्या बाबतीत डीपीपीएचचा हात कोणी धरू शकणार नाही. रॅडिकल बाटलीतूनच तयार मिळतं. 0.1 मिलिमोलर द्रावण 100 मिलिलिटर करायला जेमतेम चार मिलिग्रॅम पावडर लागते. मिथेनॉलमध्ये विरघळवलं, अर्क घातला, अर्धा तास अंधारात ठेवलं आणि 517 नॅनोमीटरला रीडिंग घेतलं की झालं. ब्लॉइसने 1958 साली ही कल्पना मांडली, तेव्हापासून इतकं काम झालंय की तुलनेला आकडे शोधायला लागत नाहीत. तुम्ही करवंदाच्या पानांवर काम करत असाल तर बिनधास्त हेच करा. पानातलं हरितद्रव्य प्रकाश शोषतं ते मुख्यतः निळ्या आणि तांबड्या टोकाला, 517च्या आसपास त्याचा फारसा त्रास होत नाही. तोरणाचं फळ पांढरं, त्यामुळे तिथेही रंगाची अडचण नाही.

पिकलेलं करवंद मात्र आतून लालबुंद असतं आणि माझं घोडं तिथेच अडलं. हा लाल रंग अँथोसायनिनांचा, आणि आम्लात ती 510 ते 530 नॅनोमीटरच्या आसपासच सगळ्यात जास्त प्रकाश शोषतात. म्हणजे डीपीपीएचचा जांभळा रंग किती उतरला हे ज्या खिडकीतून बघायचं, त्याच खिडकीत फळाचा स्वतःचा रंग येऊन उभा राहतो. अर्क जरा दाट झाला की कुव्हेटमधलं (मशीनमध्ये ठेवायच्या छोट्या पारदर्शक नळीतलं) द्रावण पिवळं होतच नाही, गुलाबी-केशरी होऊन बसतं. मशीन बिचारं तो गुलाबीपणाही उरलेलं डीपीपीएच म्हणून मोजतं आणि फळ आहे त्यापेक्षा दुबळं दिसतं.

यावर उपाय सगळ्यांना पाठ असतो: प्रत्येक तीव्रतेसाठी नुसत्या अर्काचा वेगळा ब्लँक ठेवा आणि तो वजा करा. कुव्हेट दुप्पट होतात, ते एक वेळ चालेल. पण ब्लँकमधली अँथोसायनिनं शाबूत असतात, तर डीपीपीएचबरोबरच्या नळीत त्यांच्यातली काही रॅडिकलशी भिडून रंग गमावून बसलेली असतात. तो गेलेला रंगही आपण पुन्हा वजा करतो आणि आता फळ उगाचच जोरदार दिसतं. वजा केलं नाही तर कमी, केलं तर जास्त. खरा आकडा मध्ये कुठेतरी. आयसी-50, म्हणजे अर्धं रॅडिकल संपवायला लागणारी अर्काची तीव्रता, काढताना आलेखाचा शेंडा डोलायला लागतो तो यामुळेच, असं माझं मत बनलंय. त्यात करवंदाला पेक्टिन भरपूर. पाणीदार अर्क मिथेनॉलमध्ये पडला की पेक्टिन फुटून बाहेर येतं आणि द्रावण गढूळ होतं. मलमलीतून कितीही गाळा, अल्कोहोल लागल्यावरच ते दिसतं. अर्धकच्ची फळं आली असतील तर चीक आहेच.

एबीटीएसचं रीडिंग 734ला घेतात. तिथे अँथोसायनिनांचा पत्ताच नसतो. पीएच-डिफरन्शियल पद्धतीने अँथोसायनिन मोजतानाही 520चं रीडिंग घेतल्यावर 700चं वजा करतात ते याच भरवशावर, की इतक्या लांब गेल्यावर त्यांचा रंग संपलेला असतो. शिवाय एबीटीएस पाण्यात चालतं, फॉस्फेट बफरमध्ये पातळ करता येतं, म्हणजे पेक्टिनची कटकट बरीच कमी होते. निळसर-हिरवा रंग उतरताना डोळ्यांनाही स्वच्छ कळतो.

याची गैरसोय एकच, पण खरी आहे. रॅडिकल आपल्यालाच तयार करावं लागतं: 7 मिलिमोलर एबीटीएस आणि 2.45 मिलिमोलर पोटॅशियम परसल्फेट एकत्र करून 12 ते 16 तास अंधारात. आयत्या वेळी ठरवून होत नाही. संध्याकाळी पाचला लॅब बंद होत असेल तर त्याआधी फ्लास्कला फॉइल गुंडाळून ठेवून द्या. सकाळी नऊला येईपर्यंत सोळा तास होतात, मग 734ला शोषणाचं रीडिंग 0.70 येईपर्यंत पातळ करायचं आणि कामाला लागायचं. अंधारात ठेवलेला स्टॉक दोनेक दिवस चालतो, त्यामुळे सगळे नमुने सलग दोन दिवसांत बसवले तर रोजची धावपळ वाचते. निकाल ट्रोलॉक्सच्या (तुलनेसाठी वापरायच्या प्रमाण अँटिऑक्सिडंटच्या) तुलनेत द्या.

फ्रॅप या तिसऱ्या पद्धतीबद्दलही विचारतात. 593 नॅनोमीटर, चार मिनिटांत काम. पण ती फेरिक लोहाचं क्षपण मोजते, रॅडिकलशी तिचा संबंध नाही. जोडीला ठेवायला चांगली, एकटीवर भिस्त ठेवू नये.

एक मात्र कळकळीने सांगतो. यातला कुठलाही आकडा करवंद सरबताच्या बाटलीवर आरोग्याचा दावा म्हणून छापायला देऊ नका. दोन्ही रॅडिकल्स प्रयोगशाळेतली आहेत, शरीरात ती नसतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या ओरॅक (अशाच आणखी एका नळीतल्या अँटिऑक्सिडंट चाचणीच्या) आकड्यांची आपली यादी 2012 साली काढून टाकली ती याच गैरवापरामुळे: नळीतला आकडा शरीरातल्या परिणामाचा पुरावा म्हणून फिरत होता. आपल्या नळ्या झाडांची किंवा अर्कांची आपसात तुलना करायला आहेत.

गाइडना डीपीपीएच हवंच असेल तर वाद घालू नका, तेही करा. फक्त अर्क शक्य तितका पातळ ठेवा, ब्लँक वजा केलेले आणि न केलेले असे दोन्ही आकडे तक्त्यात शेजारी शेजारी द्या, आणि त्याच फळाचे एबीटीएसचे आकडे खालच्या ओळीत.