घरच्या एडिटिंगसाठी मॉनिटर: डेल अल्ट्राशार्प यू२७२३क्यूई

आधी निकाल सांगते. तुम्ही घरी व्हिडिओ एडिट करत असाल, रंगांचं कामही स्वतःच करत असाल आणि तुमचे व्हिडिओ शेवटी लोकांच्या मोबाइलवर, लॅपटॉपवर नि साध्या टीव्हीवर पाहिले जाणार असतील, तर हा मॉनिटर बेधडक घ्या. एचडीआरचं, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला असलेल्या व्हिडिओचं, ग्रेडिंग (रंग आणि उजेड बसवणं) करायचं असेल तर मात्र घेऊ नका.

माझं बरंचसं काम रंगमंचावरच्या कार्यक्रमांचं आहे: नृत्य, नाटक, गाणं. हे फुटेज मॉनिटरचा कस पाहतं. मागे काळा पडदा, त्यापुढे काळे केस, एका बाजूने गडद लाल किंवा निळा दिवा आणि चेहऱ्यावर पांढरा झोत. साध्या आयपीएस (एलसीडीचा एक प्रचलित प्रकार) स्क्रीनवर असं दृश्य उघडलं की पडद्याचा काळा रंग राखाडी दिसतो आणि नर्तिकेची वेणी त्या राखाडीत विरघळून जाते. मग हात आपोआप कॉन्ट्रास्ट वाढवायला जातो, आणि तोच व्हिडिओ चांगल्या टीव्हीवर लावला की केसांच्या जागी नुसता काळा डाग उरतो.

एलसीडी स्क्रीनमध्ये मागचा दिवा सतत जळत असतो आणि समोरचे पिक्सेल पूर्ण मिटले तरी थोडा उजेड त्यांच्यातून झिरपतोच. साध्या आयपीएस पॅनलचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्याचं काळ्याशी प्रमाण, साधारण १०००:१ असतो. यू२७२३क्यूईमध्ये एलजी डिस्प्लेचं 'आयपीएस ब्लॅक' पॅनल आहे आणि त्याचा कॉन्ट्रास्ट २०००:१ आहे. २०२२ मध्ये हे पॅनल घेऊन आलेल्या अगदी पहिल्या मॉनिटरांपैकी हा एक. कागदावर हा फरक दुप्पट दिसतो, अंधाऱ्या खोलीत मात्र त्याहून मोठा वाटतो. पडद्याच्या चुण्या एकेक सुट्या दिसतात, वेणीतली फुलं कुठे संपतात आणि केस कुठे सुरू होतात ते कळतं. सावलीतला तपशील किती उचलायचा हा निर्णय मी आता स्क्रीनकडे बघून घेते, नुसत्या स्कोपच्या (उजेड आणि रंग मोजून दाखवणाऱ्या आलेखाच्या) भरवशावर नाही.

व्हीए या एलसीडीच्या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलचा कॉन्ट्रास्ट याहूनही जास्त असतो, ३०००:१ किंवा त्याच्या वर. तरीही एडिटिंगसाठी मी ते घेणार नाही. व्हीएवर डोकं थोडं बाजूला झालं तरी गडद छटा बदलतात. मध्ये काळी दिसणारी सावली कडेला उजळ दिसते. एकाच फ्रेमच्या दोन टोकांना दोन वेगळी उत्तरं मिळत असतील तर ग्रेडिंग कशाच्या आधारावर करायचं?

आता रंग. मॉनिटर घेताना सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा असं मी कळकळीने सांगेन. इंटरनेटवर जाणारा आपला बहुतेक व्हिडिओ रेक ७०९ या मापात असतो, म्हणजे किती रंग दाखवायचे याच्या ठरलेल्या पल्ल्यात. हे एचडी टीव्हीसाठी १९९० मध्ये ठरलेलं माप आहे. कॉम्प्युटरच्या स्क्रीनसाठी १९९६ मध्ये आलेलं एसआरजीबी हे त्याचंच भावंड. दोघांचे मूळ लाल, हिरवा, निळा आणि पांढरा एकच. यू२७२३क्यूई रेक ७०९ शंभर टक्के दाखवतो आणि त्यापलीकडे डीसीआय-पी३, म्हणजे सिनेमाचा अधिक रुंद पल्ला, ९८ टक्के. जाहिरातीत भाव खाऊन जातो तो हा दुसरा आकडा. माझ्या कामाला मात्र गरज आहे ती मॉनिटर रेक ७०९ मध्ये बांधून ठेवता येण्याची.

कारण रुंद पल्ल्याचा मॉनिटर मोकळा सोडला तर तो रेक ७०९ चा व्हिडिओही आपल्या ताकदीने दाखवतो. लाल रंग भडकतो, गव्हाळ त्वचा उन्हाने तापल्यासारखी दिसते. एडिटर बिचारा सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) खाली आणतो आणि लोकांच्या मोबाइलवर तेच चेहरे फिके, आजारी दिसतात. म्हणून कुठलाही मॉनिटर निवडताना मेनूत एसआरजीबी किंवा रेक ७०९ चा मोड आहे का, आणि त्या मोडमध्ये ब्राइटनेस बदलता येतो का, हे दोन प्रश्न आधी विचारा. बऱ्याच स्वस्त मॉनिटरांवर तो मोड लावला की ब्राइटनेसचं बटण गोठतं. मग मोड असून नसल्यासारखाच.

सॉफ्टवेअर सांभाळून घेईल असं धरून चालू नका. मॅकवरचं फायनल कट स्क्रीनचं प्रोफाइल (ती स्क्रीन रंग कसे दाखवते याची फाइल) वाचतं. प्रीमिअर प्रोमध्ये डिस्प्ले कलर मॅनेजमेंट नावाची सेटिंग आहे, ती चालू आहे का ते बघावं लागतं. विंडोजवरचं दाविंची रिझॉल्व्ह मात्र आपल्या व्ह्यूअरसाठी (व्हिडिओ दिसतो त्या चौकटीसाठी) ते प्रोफाइल मुळीच बघत नाही. तिथे मॉनिटर जे दाखवेल तेच तुमचं सत्य, म्हणून मॉनिटरच आतून योग्य मोडमध्ये हवा. डेल हा मॉनिटर कारखान्यात कॅलिब्रेट करून (रंग मोजून, जुळवून) पाठवते आणि रंगातला फरक, म्हणजे डेल्टा ई, दोनपेक्षा कमी असल्याचं सांगते. दोनच्या खालचा फरक चालत्या चित्रात डोळ्याला जाणवणं कठीण असतं.

तरीही कॅलिब्रेटर जवळ असू द्या. स्पायडर घ्या, कॅलिब्राइट घ्या, किंवा ओळखीतल्या फोटोग्राफरकडून मागून आणा. हे छोटं यंत्र स्क्रीनवर टेकवून ठेवलं की त्याखाली रंगांचे चौकोन एकामागून एक बदलत जातात आणि स्क्रीन कुठे भरकटली आहे ते समजतं. बॅकलाइट काळानुसार बदलतो. पहिल्या दिवशीचं माप जन्मभर पुरत नाही.

ब्राइटनेसबद्दल थोडं. या मॉनिटरची कमाल ४०० निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं एकक) आहे आणि ती उजेडाच्या खोलीत ईमेल वाचायला छान आहे. एडिटिंगला तेवढी लागत नाही. साध्या व्हिडिओचं ग्रेडिंग अंधूक खोलीत १०० निट्सच्या आसपास केलं जातं; घरच्या खोलीत मी १२० ठेवते. स्क्रीन भगभगीत ठेवून ग्रेड केलेला व्हिडिओ हमखास अंधारा निघतो. खोलीतला दिवाही शक्यतो पांढरा, ६५०० केल्विनच्या जवळचा आणि मॉनिटरच्या मागे असावा. पिवळ्या दिव्याखाली बसलात तर डोळे त्या पिवळ्याशी जुळवून घेतात आणि पडद्यावरचं पांढरं निळसर वाटायला लागतं.

हा मॉनिटर २७ इंची आणि ४के (३८४०×२१६० पिक्सेल) आहे, म्हणजे इंचाला साधारण १६३ पिक्सेल. याच आकारात १४४०पी (२५६०×१४४०) घेतला तर १०९. विंडोजवर १५० टक्के स्केलिंग ठेवलं की अक्षरं वाचता येतात आणि टाइमलाइनला १४४०पी इतकी जागा मिळते, पण व्ह्यूअरमधलं चित्र मात्र खऱ्या पिक्सेलमध्ये उमटतं. फोकस नक्की डोळ्यांवर आहे की कानातल्या झुमक्यावर, हे मला चित्र मोठं न करता कळतं. ३२ इंचाचा विचार मीही केला होता. टेबल खोल असेल तर जरूर घ्या. माझ्या टेबलावर तो नाकाला चिकटला असता.

केबल बघून घ्या. जुनी लॅपटॉपची एचडीएमआय १.४ जोडणी ४के फक्त ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं, देते. माउस अडखळत सरकायला लागला आणि प्लेबॅक खडबडीत वाटला की लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देतात. दोष जोडणीचा असतो. एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट असेल तर ६० हर्ट्झ मिळतात. यूएसबी-सीची एकच केबल चित्र नेते, ९० वॉटपर्यंत लॅपटॉप चार्ज करते आणि मॉनिटरला लावलेल्या ड्राइव्हही पोचवते. नेटवर्कची केबलही मॉनिटरलाच लागते. टेबल इतकं मोकळं झालं की कीबोर्डशेजारी ग्रेडिंगचं छोटं पॅनल मावलं. एडिटिंगच्या ड्राइव्ह मात्र मी थेट लॅपटॉपला लावते. जड फुटेज हबमधून फिरवायचं मला पटत नाही.

आणखी एक सेटिंग, जी क्वचितच कुणी सांगतं. एचडीएमआयवर कधीकधी कॉम्प्युटर रंगांचा पूर्ण पल्ला, ० ते २५५, पाठवतो आणि मॉनिटर १६ ते २३५ समजून घेतो, किंवा उलट. पहिल्या प्रकारात सावल्या बुजतात, दुसऱ्यात सगळं धुरकट होतं. कॅलिब्रेशन करण्याआधी हे दोन्हीकडे सारखं आहे ना ते बघा.

६० हर्ट्झ हा खेळ खेळणाऱ्यांना कमी वाटेल. एडिटिंगला ते पुरतात, पण २५ फ्रेमचा व्हिडिओ ६० मध्ये समान वाटला जात नाही. काही फ्रेम दोनदा दिसतात, काही तीनदा. कॅमेरा आडवा फिरताना जो हलका धक्का जाणवतो तो फुटेजचा नसतो. शंका आली की ५० हर्ट्झवर चालणाऱ्या स्क्रीनवर तोच शॉट लावून बघते.

एचडीआरचं सुरुवातीला म्हटलं ते असं. खोक्यावर डिस्प्लेएचडीआर ४०० लिहिलेलं आहे. ही त्या प्रमाणपत्रांच्या उतरंडीतली खालची पायरी. एचडीआरचं ग्रेडिंग सहसा १००० निट्सच्या स्क्रीनवर केलं जातं. इथे एचडीआर चालू होतं, दिसतंही, पण त्यावर निर्णय घेऊ नयेत. मी ते बंदच ठेवलं आहे. ओलेड, म्हणजे जिचा प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो ती स्क्रीन, या बाबतीत कितीतरी पुढे आहे, त्याचा काळा खरोखर काळा आहे. पण एडिटिंगमध्ये तीच टाइमलाइन, तेच टूलबार तासन्‌तास जागचे हलत नाहीत आणि ओलेडवर अशा स्थिर चित्राचा ठसा राहण्याचा धोका असतो. फक्त चित्र बघायला दुसरी स्क्रीन म्हणून ओलेड, हे मला पटतं. एकुलती एक स्क्रीन म्हणून नाही.

अंधारी दृश्यं तुमच्या कामात फारशी नसतील, मुलाखती, प्रवास, शिकवण्याचे व्हिडिओ असं काही असेल, तर असुसचा प्रोआर्ट पीए२७९सीव्ही पुरेसा आहे. तोही २७ इंच ४के, रेक ७०९ शंभर टक्के, डेल्टा ई दोनच्या खाली. पॅनल साधं आयपीएस आणि यूएसबी-सीवर ६५ वॉट. वाचलेले पैसे कॅलिब्रेटरमध्ये घाला.

यू२७२३क्यूईला स्पीकर नाहीत. मला त्याचं काही वाटत नाही, आवाजाचं काम मॉनिटरच्या स्पीकरवर कुणी करूही नये.

कुठलाही मॉनिटर घरी आला की परतीची मुदत असेपर्यंत एक गोष्ट करा. रात्री दिवे घालवा, पूर्ण स्क्रीनभर एकसारखा मध्यम राखाडी रंग लावा आणि नेहमीच्या जागेवर बसून चारही कोपरे पाहा. कुठे गुलाबी किंवा हिरवट झाक आहे का, एखादी कड काळवंडली आहे का. मग काळा लावून कडांमधून उजेड फुटतो का ते बघा, आणि पांढऱ्यावर मेलेले पिक्सेल. त्याच मॉडेलचे दोन नग सारखे निघतील याची खात्री नसते, म्हणून तोवर खोका फेकू नका.